कडता न कापता

मित्रांनो, माझ्या रूपावर जाऊ नका. अंगाला गंज चढलाय, पुढचं डावं चाक केव्हाच गेलं आणि त्या जागी आता वीट आहे. पण मी काटा आहे. पोती तोलायचा, कमरेएवढ्या खांबाचा, जुना लोखंडी काटा. आयुष्यात मी फारसं काही केलं नाही. प्रवास एकदाच केला, तोही आडवा पडून. मात्र खोटं कधी बोललो नाही. यात माझं काही कौतुक नाही. माझ्या दांडीला ते जमतच नव्हतं. खोटं बोलायला माणूस लागतो, आणि तो मला चांगला मिळाला.

माझा जन्म ग्वायाकील या बंदरशहरातल्या एका ओतशाळेतला. तिथल्या एका चष्मेवाल्या कारागिराने माझी दांडी तीन दिवस घासली. मग पाट्यावर एकेक प्रमाण वजन ठेवून बघितलं, शून्याचा स्क्रू अर्धा आटा फिरवला आणि म्हणाला, "झालं. आता तुला कुणी काही शिकवायचं नाही." मला वाटलं, हा आशीर्वाद आहे. पुढे कळलं, ती सूचना होती.

तिथून तांदळाच्या आणि रॉकेलच्या सोबतीने होडीतून नदीच्या उलट दिशेने मी बोका दे कान्या या गावी आलो. धक्क्यावर विल्फ्रिदो मोरेइरा उभा होता. वय सव्वीस, केसांना भरपूर तेल, खिशाला पेन. त्याने नुकतंच कोको खरेदीचं दुकान टाकलं होतं. त्याने माझ्या पाट्यावर पाय ठेवला, स्वतःला तोललं आणि बायकोला ओरडून सांगितलं, "दिग्ना, एकशे अठ्ठेचाळीस पौंड! नवरा भरभक्कम आहे बघ!"

"बूट काढ आधी," दिग्ना आतून म्हणाली.

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. अडतीस वर्षांनी ते पुन्हा येणार आहे.

माझी उमेदीची वर्षं त्या धक्क्यावर गेली. लोक होड्यांतून, खेचरांवरून कोकोची पोती आणत. मी तोलत असे. एक पोतं म्हणजे शंभर पौंड, असा तिथला हिशोब. मी शंभर सांगितले की विल्फ्रिदो पुढे येई. मग तो पोत्यात कोपरापर्यंत हात घाली, तळाच्या मूठभर बिया वर काढी आणि कानाशी नेऊन चोळी. वाळलेली बी कुरकुरते. ओली बी गप्प बसते. विल्फ्रिदो डोळे मिटून ऐके, जसा काही चर्चमधला ऑर्गन चाललाय.

"मुकी आहे," तो सांगे. "आठ पौंड ओल, एक पौंड पोतं, एक पौंड कचरा. दहा पौंड कडता."

"कचरा कुठला?" तेओफिलो मासियास उसळून म्हणे. तेओफिलोची बाग नदीच्या वरच्या वळणाला होती. "माझ्या बायकोने एकेक बी हाताने निवडलीय!"

"मग अकरा. तिचे केस सापडले."

तेओफिलो आणि विल्फ्रिदो एकमेकांचे कोम्पाद्रे. म्हणजे विल्फ्रिदोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तेओफिलो धर्मपिता म्हणून उभा होता. त्यामुळे त्यांना एकमेकांना शिव्या द्यायचा हक्क होता आणि ते तो रोज बजावत. कडता, म्हणजे वजनातली ही वजावट, मात्र कुणालाच चुकत नसे. मी शंभर म्हणायचो आणि विल्फ्रिदो नव्वद म्हणायचा. त्याला तो चोरी म्हणत नसे. त्याला तो अनुभव म्हणत असे. आणि खरं सांगायचं तर माल खरंच ओला असायचा. किती ओला, एवढाच वाद होता.

त्या काळात माझी फार वाहवा झाली. "विल्फ्रिदोचं तोंड लबाड, पण काटा देवाचा," असं म्हणत. नवीन जन्मलेली बाळं माझ्यावर तोलली गेली. एकदा एका उमेदवारालाही तोललं होतं. तो निवडून आला आणि मग परत आला नाही, त्यामुळे पुढचं वजन मला माहीत नाही.

मग नदीपलीकडे एका कंपनीने मोठं खरेदी केंद्र उघडलं. तिथला काटा विजेवर चालतो, आकडे लाल दिव्यात दाखवतो आणि कागदाची चिठ्ठी देतो. लोकांना चिठ्ठी आवडली. त्याच सुमाराला विल्फ्रिदोला दम लागू लागला. दुकान बंद झालं आणि मी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. एक कोंबडी अडीच वर्षं माझ्या पाट्यावर अंडी उबवत होती. वजन चार पौंड. तिने आकड्यावरून एकदाही वाद घातला नाही. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत सज्जन तीच.

विल्फ्रिदो चौसष्टाचा होईतो दोनदा इस्पितळात जाऊन आला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरने त्याला खुर्चीत बसवून स्पष्ट सांगितलं. ते त्याने घरी येऊन दिग्नाला सांगितलं, म्हणून मला कळलं. त्याचं हृदय थकलं होतं. पंप दमला की शेतात पाणी तुंबतं, तसं त्याच्या अंगात पाणी तुंबत होतं. आधी पायात, मग पोटात, मग छातीत. त्याची पहिली चाहूल वजनाला लागते. डॉक्टर म्हणाला होता, "दोनदा तुम्ही बसून आलात. वजनावर लक्ष ठेवलं नाहीत, तर तिसऱ्यांदा लोकांच्या खांद्यावरून याल. मग मला काही विचारू नका."

दिग्नाने त्याच दिवशी कोंबडीला हाकललं.

दर गुरुवारी आरोग्यकेंद्राची नर्स येसेनिया घरोघर फिरे. ती तिशीची, बोलायला फटकळ, पाठीवर पिशवी, पायात चिखलाचे बूट. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"याच्यावर तुम्ही माणूस तोलणार?"

"हा काटा ग्वायाकीलचा आहे," विल्फ्रिदो दुखावून म्हणाला.

येसेनियाने पिशवी उतरवली, बूट काढले आणि माझ्यावर उभी राहिली. माझी दांडी दोनदा डोलली आणि थांबली. "एकशे एकतीस," ती म्हणाली. "सकाळी केंद्रावर तेवढंच होतं." मग तिने माझ्या खांबावर हात थोपटला. मित्रांनो, अडीच वर्षांनी मला कुणीतरी थोपटलं होतं. कोंबडी त्यातली नव्हती.

येसेनियाने नियम सांगितले. रोज सकाळी उठून लघवीला जाऊन आलं की, काही खाण्यापिण्याआधी, अनवाणी, तीच जुनी चड्डी घालून काट्यावर उभं राहायचं. आकडा वहीत लिहायचा. एका दिवसात दोन पौंड वाढले किंवा आठवड्यात पाच, तर गुरुवारची वाट बघायची नाही, सरळ केंद्रावर यायचं. मीठ कमी, पाणी मापाने, गोळ्या वेळेवर. रोज थोडं चालायचं, पण बोलता येईल इतक्याच दमाने. आणि पोटाचा घेर हळूहळू उतरवायचा, उपाशी राहून नाही.

"आणि काका, आकडा वाढला म्हणून मी रागावणार नाही," ती जाता जाता म्हणाली. "लपवला तर रागावेन."

पहिले तीन महिने विल्फ्रिदोने गावाला चकित केलं. दोनशे चौदावरून तो सुरू झाला. सकाळी उठायचा, माझ्यावर चढायचा, आकडा लिहायचा आणि धक्क्यापर्यंत चालून यायचा. न्याहारीला तो पूर्वी दोन बोलोन खात असे. बोलोन म्हणजे कच्च्या केळ्याचा कुटून केलेला गोळा, आत खारट चीज आणि डुकराची कुरकुरीत चरबी. आता तो एक खाई आणि आत चीजच्या जागी दिग्ना कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे भरी, वर लिंबू पिळी.

"गवत आहे हे," तो म्हणे.

"खेचर किती वर्षं जगतं माहीत आहे ना?" दिग्ना म्हणे. "खा."

दिग्नाची कसोटी वेगळीच होती. आमच्या गावात नवरा वाळला की लोक बायकोकडे बघतात. विल्फ्रिदो दोनशे पाचला आला तेव्हा चर्चबाहेर तिला तीन बायांनी अडवलं. एकीने विचारलं, "घरात भांडण झालंय का गं?" दुसरीने दुसऱ्या दिवशी मटणाच्या रश्शाचं पातेलंच आणून दिलं, दया म्हणून. जाडपणाला तिथे कुणी आजार म्हणत नाही, आणि बारीक होण्याला कुणी उपचार म्हणत नाही. दिग्नाने पातेलं घेतलं, आभार मानले आणि रस्सा कुत्र्याला घातला. कुत्रा सुखावला. त्याला हृदयाचा त्रास नव्हता.

मग गावच्या संतिणीचा सण आला. तीन दिवस भाजलेलं डुक्कर, मीठ-शेंगदाण्याची चटणी, माशाचा रस्सा आणि त्यावर कांद्याचं लोणचं. विल्फ्रिदो पहिल्या दिवशी नुसता बघत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने चव घेतली. तिसऱ्या दिवशी त्याने राहिलेले दोन दिवस भरून काढले.

चौथ्या सकाळी तो माझ्यावर चढला. मी दोनशे नऊ सांगितलं.

तो खाली उतरला. पुन्हा चढला. मी पुन्हा दोनशे नऊ सांगितलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. तीन महिने येसेनियाने त्याची वही बघून शाबासकी दिली होती, आणि चौसष्ट वर्षांच्या माणसाला शाबासकीचं व्यसन लागायला तीन महिने पुष्कळ होतात. त्याने माझ्याकडे बघितलं. मग, मित्रांनो, मी तो जुना आवाज ऐकला. तोच धक्क्यावरचा, डोळे मिटून बोलायचा.

"कालचं जेवण दोन पौंड," विल्फ्रिदो पुटपुटला. "ते काही माझं नाही, पाहुणं आहे, जाईल. चड्डी ओलसर, एक पौंड. हवेतला दमटपणा, एक. चार पौंड कडता."

आणि त्याने वहीत लिहिलं: दोनशे पाच.

मला वाईट वाटलं. आजवर तो दुसऱ्यांच्या मालावर कडता लावत होता. तेव्हाही मला ते आवडत नसे, पण काट्याला आवडनिवड नसते, असं मी स्वतःला समजावत असे. आता तो स्वतःवर लावत होता. आणि मला ओरडता येत नव्हतं. मी दांडी दाखवतो. वाचणं माणसाकडे असतं.

येसेनियाने वही पाहिली. "सण होऊनसुद्धा दोनशे पाच! काका, तुम्हाला मी गावभर मिरवणार आहे." ती चाळीस घरं फिरत होती, घाईत होती. तिने गोळ्या होत्या तेवढ्याच ठेवल्या.

पुढच्या आठवड्यात मी दोनशे बारा सांगितलं. कडता सात. पाऊस लागला होता, दिवसभर त्याच्या पायात रबरी बूट असत. एके सकाळी त्याने ते काढायचा प्रयत्न केला. ओढले, वळवले, शिव्या दिल्या. बूट निघेनात. तो तसाच बुटांसकट माझ्यावर उभा राहिला.

"बूट चार पौंड," तो म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. हा कडता प्रामाणिक होता ना!

मित्रांनो, बूट का निघत नाहीत हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. बुटाचं वजन वजा करण्यात तो फार गुंतला होता. आत त्याचे पाय फुगून बुटाच्या मापाचे झाले होते. मला ते कळत होतं, कारण रबराचे बूट मला जन्मापासून माहीत आहेत. ते तीन पौंडांचे. उरलेलं पाणी होतं.

दुसऱ्या गुरुवारी येसेनिया म्हणाली, "बूट काढा बघू, घोटे बघते."

"चिखल आहे गं बाई, दिग्ना मारेल मला," विल्फ्रिदो म्हणाला. ती हसली. तिसऱ्या गुरुवारी ती आलीच नाही, वरच्या गावांत लसीकरण चाललं होतं. तोवर विल्फ्रिदो खाटेवर आडवा पडेनासा झाला होता. झूल्यात बसून झोपे आणि सांगे की उकडतं. धक्क्यापर्यंतचं चालणं फाटकापर्यंत आलं होतं. सांगे की चिखल आहे. दिग्नाने विचारलं, तर वही पुढे करी. "बघ. दोनशे पाच. लिहिलेलं आहे."

दिग्ना वाचायला कमी शिकली होती, म्हणून लिहिलेल्यावर तिचा फार विश्वास होता.

त्या शनिवारी सकाळी तेओफिलो आला. खेचरावर कोकोचं एक पोतं. कंपनीच्या लाल दिव्यांवर त्याचा भरवसा नव्हता. पलीकडे नेण्याआधी त्याला माझ्याकडून खात्री करून घ्यायची होती.

"कोम्पाद्रे, तुझा म्हातारा जिवंत आहे का?" त्याने फाटकातून हाक मारली.

"कोणता? मी की काटा?"

"काटा. तुझी कुणाला पडलीय?"

त्याने पोतं माझ्यावर टाकलं. मी एकशे दोन सांगितलं. विल्फ्रिदो झूल्यातून कष्टाने उठला, सवयीने आला, पोत्यात हात घातला आणि मूठ कानाशी नेली.

"सहा पौंड ओल," तो धापा टाकत म्हणाला.

तेओफिलो हसत सुटला. "अरे, तू आता विकत घेत नाहीस! कडता कुणासाठी कापतोयस, कोंबडीसाठी?" आणि हसता हसता थांबला. तो विल्फ्रिदोकडे बघत होता. पोत्यापर्यंतची सहा पावलं चालून विल्फ्रिदोने माझ्या खांबाला धरलं होतं आणि त्याचे खांदे वरखाली होत होते.

"कधीपासून?" तेओफिलोने विचारलं.

"काय कधीपासून? चिखल आहे."

"चिखल बाहेर आहे. तू शेडमध्ये आहेस. बस त्या पोत्यावर."

तो बसला. तेओफिलोने त्याच्या बुटाला हात घातला. एकट्याने निघेना. दिग्ना आली, तिने मागून नवऱ्याला धरलं आणि तेओफिलोने पुढून ओढलं. बूट निघाला तेव्हा तेओफिलो मागे आपटला. पण कुणी हसलं नाही. पोटरीवर बुटाच्या कडेचा खोल वळ होता, आणि घोटा कुठे आहे ते सांगता येत नव्हतं.

तेओफिलो गुडघ्यावर आला. त्याने घोट्यावर अंगठा ठेवला, दाबला, धरला आणि काढला. खड्डा पडला होता. तो तसाच राहिला. आम्ही सगळे त्या खड्ड्याकडे बघत होतो. तो भरून येईना.

तेओफिलोने आपला कान त्या पायाशी नेला आणि डोळे मिटले. तीस वर्षं त्याने हा अभिनय समोर बसून पाहिला होता. एक बारकावाही सुटला नव्हता.

"मुकी आहे," तो म्हणाला.

विल्फ्रिदो हसायला गेला, पण हसायला दम लागतो.

"दुसराही काढू, मग चढ काट्यावर," तेओफिलो म्हणाला. "अनवाणी. आणि तोंड बंद. आज माल तुझा आहे, बोलणार मी."

तेओफिलोने पोतं खाली ओढलं आणि विल्फ्रिदो माझ्यावर चढला. तेओफिलोने स्वतः माझं सरकतं वजन हलवलं, सावकाश, दांडी मधोमध ठरेपर्यंत. मी मला जे माहीत होतं ते सांगितलं.

"दोनशे एकोणीस. दिग्ना, वहीत काय आहे?"

दिग्नाने बोटाने आकडे शोधले. "दोनशे पाच."

"चौदा पौंड!" तेओफिलो ओरडला. "चोरा, चौदा! माझ्या मालातून तू कधी अकराच्या वर गेला नाहीस! मी परका होतो तर माझ्यावर दया केलीस आणि स्वतःला लुटतोस?"

विल्फ्रिदो माझ्यावर उभाच होता. त्याने वही मागितली. पानं उलटली. कुठला पाहुणा, कुठली चड्डी, कुठला दमटपणा, सगळं त्याला आठवत असावं. मग तो अगदी हळू म्हणाला, "ओला माल आहे."

"ओला आहे," तेओफिलो म्हणाला. "आणि ओला माल पोत्यात ठेवला की काय होतं, ते मी तुला शिकवू?"

ते मलाही माहीत होतं. ओला कोको पोत्यात ठेवला की आतून कुजतो. वरून हात फिरवला तर कळत नाही.

दिग्ना पुढे आली. तिने वही उचलली आणि पदराला पुसावं तसं नाक झग्याच्या बाहीला पुसलं. मग ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "म्हाताऱ्या, मला वाचता कमी येतं. म्हणून मला फसवणं सोपं होतं. पण डोळे होते ना मला. मी वहीकडे कशाला बघत बसले?"

विल्फ्रिदो माझ्यावरून खाली उतरला.

तेओफिलोने पोतं शेडमध्येच ठेवलं आणि खेचर पुढे आणलं. विल्फ्रिदो म्हणाला, मी चालत जातो. दिग्ना म्हणाली, तू गप्प बस. खेचरावर त्याला बसवलं. दोनशे एकोणीस पौंड पाठीवर येताच खेचराने मान वळवून पाहिलं, पण ते दिग्नासारखंच सहनशील निघालं. आरोग्यकेंद्रात येसेनिया त्याच सकाळी लसीकरणाहून परतली होती. तिने घोटे पाहिले, छातीला नळी लावली, वही पाहिली. विल्फ्रिदोने आपल्या तोंडाने सांगितलं, "यातले अडीच आठवडे खोटे आहेत. खरे आकडे मला पाठ आहेत. सांगतो, लिहून घे."

आणि त्याने अठरा आकडे ओळीने सांगितले. एकही चुकला नाही. व्यापारी होता तो. कडता कितीही लावला तरी मूळ वजन तो कधी विसरत नसे.

येसेनिया रागावली का, ते मला नक्की माहीत नाही. दिग्ना सांगे की तिने नुसता श्वास सोडला आणि म्हणाली, "काका, तुमच्या दोनशे पाचवर विश्वास ठेवून मी गोळी वाढवली नाही." मग तिने गाडी बोलावली.

डॉक्टरने म्हटलं होतं की तिसऱ्यांदा तो खांद्यावरून येईल. विल्फ्रिदो इस्पितळाच्या दारातून स्वतःच्या पायांनी आत गेला. अनवाणी, कारण बूट परत चढत नव्हते. पाच दिवस त्याला सुईतून औषध दिलं. पाणी उतरलं. परत आला तेव्हा माझ्यावर चढला आणि मी दोनशे तीन सांगितलं. चर्चबाहेर एका शेजाऱ्याने विचारलं, "आठवड्यात सोळा पौंड! काय केलंस तरी काय?"

"लघवी," विल्फ्रिदो म्हणाला.

त्यानंतर घरात काही गोष्टी बदलल्या. वही दिग्नाकडे गेली. आकडा तो वाचतो, लिहिते ती, आणि आधी दांडी स्वतः बघते. आकडे तर तिला आधीपासून येत होते, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं. दर रविवारी तेओफिलो येतो, घोट्यावर अंगठा दाबतो, कान लावतो आणि "कुरकुरतेय" किंवा "जरा गप्प आहे" असा निकाल देतो. मग दोघं बिनमिठाचे बोलोन खातात आणि दोघंही त्याला शिव्या देतात.

अशाच एका रविवारी विल्फ्रिदोने विचारलं, "कोम्पाद्रे, खरं सांग. मी त्या वर्षांत जास्त कापायचो?"

"कापायचास," तेओफिलो म्हणाला.

"मग तू येत का राहिलास?"

"काटा खरा होता. मी दांडी बघायचो, तुझं तोंड ऐकायचो नाही." त्याने बोलोनचा आणखी एक तुकडा मोडला. "आणि मी तळाला ओल्या बिया घालायचो."

विल्फ्रिदोने चमचा खाली ठेवला. "किती?"

"तू कापायचास त्याहून दोन पौंड जास्त," तेओफिलो म्हणाला. आणि तीस वर्षांचं भांडण त्या ताटावर मिटलं. निदान पुढच्या रविवारपर्यंत.

मित्रांनो, मला वाटलं होतं, आता सगळं सुरळीत झालं. पण सवय ही गंजासारखी असते. खरवडली तरी पावसाळ्यात परत वर येते. परवा मंगळवारी दिग्ना पहाटेच बहिणीकडे गेली होती. विल्फ्रिदो एकटाच शेडमध्ये आला आणि माझ्यावर चढला. काल दोनशे एक होतं. मी दोनशे तीन सांगितलं.

तो उतरला. वही उघडी होती, पेन्सिल तिच्यावर. आजूबाजूला कुणी नव्हतं. फक्त ती कोंबडी दारात येऊन माझ्याकडे बघत होती. तिची जागा तिला अजून परत हवी आहे. विल्फ्रिदोने डोळे मिटले. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. माझ्या लोखंडात तेव्हा काय झालं ते सांगता येणार नाही. चष्मेवाल्या कारागिराने मला वाट बघायला शिकवलं नव्हतं.

"काल संध्याकाळचं लोणचं," तो पुटपुटला. "एक फोड." मग डोळे उघडले आणि स्वतःलाच म्हणाला, "फोडीने दोन पौंड होत नाहीत, मोरेइरा."

त्याने दोनशे तीन लिहिलं. खाली रेघ मारली. चपला घातल्या. सैल, पट्ट्याच्या, आता तो बूट घालत नाही. आणि गुरुवार दोन दिवसांवर असताना, कुणी सांगितलं नसताना, केंद्राच्या रस्त्याला लागला. बोलता येईल इतक्याच दमाने.

मी म्हातारा आहे, माझं फार मागणं नाही. तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. चपटा, काचेचा, न्हाणीघराच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला. त्याच्यावर कपडे वाळत घालू नका. चढण्याआधी तो शून्यावर आहे का ते बघा. आकडा वाढला म्हणून त्याला लाथ मारू नका आणि कमी झाला म्हणून त्याची पप्पी घेऊ नका. तो शिवी देत नाही आणि शाबासकीही देत नाही. आकडा म्हणजे काय, ते तुमच्या डॉक्टरला विचारा, शेजाऱ्याला नको. आणि घरात कुणी आजारी असेल, तर नुसती वही बघू नका. एकदा त्याचे बूट काढून बघा.

माझ्या चाकाचं मात्र कुणीतरी मनावर घ्या. वीट उजवीकडे सरकलीय, आणि उद्या सकाळी विल्फ्रिदो पुन्हा माझ्यावर उभा राहणार आहे.